बाकावरची नऊ मिनिटं

छगन बोरसेंनी कधी कशाला चांगलं म्हटल्याचं सुरतेच्या डिंडोलीत कुणाला आठवत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तर पहिल्या घासाला ते वरणातल्या मिठाचं सांगतात आणि दुसऱ्याला भाताचं. त्यांची नूतन दहावीला एक्क्याऐंशी टक्के मिळवून पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला, मार्कशीट खिडकीच्या उजेडाला धरली आणि विचारलं, "भूमितीत काय झायं?" सुभद्राबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, तेव्हापासून म्हणतात की ह्या माणसाला साक्षात देवाने दर्शन दिलं तरी हा आधी देवाच्या पितांबराचा काठ तपासेल.

पण ह्यात त्यांचा दोष कमी आणि धंद्याचा जास्त. जवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात छगनभाऊ अठ्ठावीस वर्षं चेकर आहेत. मागावरून उतरलेलं कोरं कापड, शंभर-सव्वाशे मीटरचा एकेक ताका, त्यांच्या टेबलावर येतो. टेबलाला काच आहे आणि काचेखाली ट्यूबलाइट. काचेवरून कापड ओढत न्यायचं आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, आडवा पट्टा, जी काही खोट दिसेल तिथे खडूने खूण करायची. ताका पास झाला की त्याच्या शेवटच्या टोकाला चेकर आपला नंबर घालतो. छगनभाऊंचा नंबर सतरा. ह्या नंबराचा अर्थ एवढाच, की उद्या पुढे कुणाला ह्या ताक्यात खोट सापडली तर विणणाऱ्या कारीगराला विचारू नका, सतरा नंबरला विचारा.

शेजारच्या टेबलावर काशिनाथ असतात. छगनभाऊंसारखेच खान्देशातल्या पारोळ्याकडचे, स्वभावाने मोकळे, आणि कामाच्या बाबतीत जरा जास्तच मोकळे. ताक्याचे पहिले दहा मीटर बघायचे, शेवटचे दहा बघायचे आणि मधलं सगळं रामभरोसे सोडून नंबर ठोकायचा, अशी त्यांची रीत. छगनभाऊंनीही नव्या नवलाईत एकदा तेच केलं होतं. आनंदा नावाच्या कारीगराचा ताका त्यांनी वरवर बघून नापास केला. नंतर कळलं की डाग मागावरचा नव्हताच, हातगाडीवरून आणताना लागला होता. तोवर आनंदा अपमान गिळून गावी निघून गेला होता, तो परत आला नाही. त्या दिवसापासून छगनभाऊंनी स्वतःला एक नियम घालून घेतला. ताका पूर्ण बघायचा, आणि खोट सापडली तर कारीगराला टेबलाशी बोलावून त्याचंच बोट त्या खोटीवर ठेवायला लावायचं. बोट ठेवता आलं तर खोट खरी. नुसतं "माल बरोबर नाही" असं त्यांच्या टेबलावर चालत नाही.

अशा बापाची नूतन ही एकुलती एक लेक. कॉलेज झाल्यावर ती सुरतेतल्याच उधन्याच्या एका व्हिडिओ लॅबमध्ये लागली. लग्नाच्या शूटिंगची सहा-सहा तासांची लांबण कापून, जोडून, गाणी घालून दोन तासांची करायची, त्याला तिथे मिक्सिंग म्हणतात. तीनेकशे लग्नं तिने कापली असतील. गुजराती लग्नं, आपली खान्देशी लग्नं, बिदाईच्या रडारडीत कॅमेऱ्याकडे चोरून बघणाऱ्या नवऱ्या. मग ती मुंबईला गेली आणि सहा वर्षं ह्याच्या-त्याच्या हाताखाली राबली. शेवटी लिस्बनच्या एका दिग्दर्शिकेने तिचं काम इंटरनेटवर पाहिलं आणि तिला आपल्या माहितीपटाचं संकलन दिलं.

माहितीपट होता बास्केटबॉलवर. अंगोला देशातला तादेउ नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, पावणेसात फूट उंच, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळायला जातो. त्याच्या तिथल्या पहिल्या हंगामाची ही गोष्ट. पुढे तो मोठा खेळाडू झाला, पोरंबाळं त्याचं नाव पाठीवर छापून फिरू लागली, पण तो पहिला हंगाम कुणी नीट बघितला नव्हता. दिग्दर्शिका बाई सात महिने कॅमेरा घेऊन त्याच्या मागे हिंडली होती. तो सगळा पसारा नूतनने अकरा महिने मुंबईच्या एका भाड्याच्या खोलीत बसून कापला.

घरी छगनभाऊंनी ह्यावर अवाक्षर काढलं नाही. चेकिंग खात्यात मात्र त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला. मोबाइलवर त्या माहितीपटाचं पोस्टर होतं. त्यात मध्यभागी तो उंच पोरगा आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांच्या चार ओळी. छगनभाऊ दोन बोटांनी ते पोस्टर ताणत न्यायचे, ताणत न्यायचे, इतकं की तो जगप्रसिद्ध खेळाडू पडद्याबाहेर जायचा आणि फक्त 'नूतन छगन बोरसे' एवढंच उरायचं. काशिनाथ म्हणायचे, "भाऊ, त्या बिचाऱ्या पोऱ्याले एक डाव तरी दखाडा." तादेउ हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून खात्यात सगळे त्याला तादू म्हणत. महिन्याभरात तादू डिंडोलीचाच असल्यासारखा झाला होता.

युरोपातल्या एका महोत्सवात माहितीपट पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्यानंतर दहा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते आणि नोकरीवाली लेक घरी येते, ही खान्देशाची रीत सुरतेतही चुकत नाही. सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंबाला झोका बांधला होता. सुभद्राबाईंनी खापर तापवून पुरणपोळ्या काढल्या, आंब्याचा रस केला. नूतन आली, पाया पडली, झोक्यावर बसलीसुद्धा, पण पान वाढल्यावर तिने अर्धी पोळी तशीच ठेवली.

सुभद्राबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "ओ नूतनना आप्पा, पोर ऊनी तव्हपासून धड जेवनी नही. तुम्ही इचारा ना काही."

छगनभाऊ बाहेर आले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "काय झायं?"

नूतनने फोन काढला. "परीक्षणं आली, आप्पा. वाचून दाखवते."

तिने वाचलं, मराठीत करून सांगितलं. पाच परीक्षणं होती. तिघांनी मनापासून कौतुक केलं होतं. एकाने लिहिलं होतं की खेळाडूवरच्या माहितीपटात खेळ इतका कमी आणि माणूस इतका जास्त त्याने बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. चौथं परीक्षण लंडनच्या एका बुजुर्ग समीक्षकाचं होतं, ज्याच्या शब्दावर म्हणे माहितीपट तरतात नि बुडतात. त्याने लिहिलं होतं, 'सुरुवातीलाच हा मुलगा बाकावर बसलेला दिसतो आणि नऊ मिनिटं बसूनच राहतो. संकलन करणाऱ्या बाईंना बहुधा डुलकी लागली असावी.' पाचवं पॅरिसच्या एका बाईचं होतं. ती सौम्य होती. तिने लिहिलं होतं, 'बाकावरच्या त्या लांब प्रसंगात मला काहीतरी खटकलं. नेमकं काय ते सांगता येत नाही, पण तिथे माझा विश्वास सुटला.'

"मग?" छगनभाऊंनी विचारलं.

"मग निर्माता म्हणतो, ती नऊ मिनिटं कापून एक करायची. श्रावणाच्या आसपास हा माहितीपट सगळ्या जगात घरोघरी, मोबाइलवर दिसणार आहे, त्याआधी. दिग्दर्शिका म्हणते, हा प्रसंग तू बांधलास, तूच ठरव. सोमवारी दुपारपर्यंत सांगायचं. ठेवला आणि माहितीपट पडला तर पुढचा मला मिळणार नाही. तो जवळजवळ माझाच होता. कापला तर मिळेल. पण मग माझ्या हाताने मी चांगलं कापड फाडलं असं वाटत राहील. आणि खरं सांगू का, आता मलाच कळत नाहीये ते चांगलं आहे की नाही."

अशा वेळी एखाद्या बापाने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला असता आणि त्या लंडनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. छगनभाऊ मात्र म्हणाले, "नऊ मिनिटं म्हणजे जास्तच होतात. आणि दोघांनी एकाच जागी खूण केली म्हणजे तिथे काहीतरी असणार. चेकर काय कुणाचा वैरी नसतो."

नूतन उठली. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "आप्पा, आख्ख्या जगात तीन माणसांनी माझं काम चांगलं म्हटलं. तुम्हाला त्या दोघांचंच बरोबर वाटलं. तुम्ही तर अजून बघितलंही नाही." आणि ती चप्पल घालून खाली झोक्याकडे निघून गेली.

सुभद्राबाईंनी काही न बोलता रसाची वाटी नवऱ्यासमोरून उचलून नेली. हा त्यांचा बोलण्याचाच एक प्रकार आहे.

छगनभाऊ तिथेच बसून राहिले. लेक रागावली ह्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त तिचं शेवटचं वाक्य लागलं होतं. तुम्ही तर अजून बघितलंही नाही. आनंदाचा ताका त्यांनी वरवर बघून नापास केला होता. आज पोटच्या पोरीचा तर ताका न उलगडताच केला. अठ्ठावीस वर्षांचा नियम आपण जेवणाच्या पानावर मोडला ह्याची त्यांना मनस्वी शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, चष्मा पुसून ते नूतनच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "लाव," ते म्हणाले. "पुरा ताका लाव. मधी थांबाडू नको."

नूतनने आईकडे बघितलं. सुभद्राबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, लाव म्हणून. तिने गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवला. छगनभाऊंनी खिडकीचा पडदा ओढला, हातात वही-पेन्सिल घेतली आणि चहाला नाही म्हणाले. बोलणं पोर्तुगीज, खाली अक्षरं इंग्रजी. नूतन अर्थ सांगू लागली तर त्यांनी हात वर केला. "सूत कोणत्या गावचं ते कापडाला विचारत नसतात," ते म्हणाले. "मला दिसतंय."

आणि तादू आला. चेंडू टोपलीत टाकायचा हा खेळ छगनभाऊंना तेवढाच ठाऊक होता जेवढा त्या लंडनवाल्याला यंत्रमाग. पण पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळलं की हा पोरगा घरापासून लांब आला आहे, त्याची आई कुठल्याशा समुद्रकाठी मासळी विकते, नि इथे त्याच्या मापाचा पलंगसुद्धा नाही. मग सामने सुरू झाले आणि तो बाकावर बसला.

तो बसलाच. सामना त्याच्या डोळ्यांसमोरून इकडून तिकडे धावत होता, माणसं ओरडत होती आणि कॅमेरा मात्र त्याच्यावरच होता. गुडघ्यांवर टॉवेल. अंगात बंद जाकीट. प्रशिक्षक मागे वळला की तो जाकिटाच्या चेनला हात घाली, प्रशिक्षक दुसऱ्याला बोलावी, की हा चेन पुन्हा वर ओढी. सामना बदलला, गाव बदललं, बाक बदलला. पुन्हा तेच. चेन खाली, चेन वर. तिसऱ्या गावात त्याने बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या, कुणी न सांगता, दोनदा. त्याचा उजवा गुडघा एकसारखा हलत होता.

सुभद्राबाईंच्या लक्षात आलं की लॅपटॉपसमोरच्या खुर्चीतला गुडघाही हलतो आहे. वही मांडीवरून खाली पडली ते छगनभाऊंना कळलं नाही.

नऊ मिनिटं संपली, तादू मैदानात उतरला, पुढे हंगाम गेला, हार झाली, जीत झाली, शेवटी आई विमानाने येऊन पहिल्यांदा त्याचा खेळ बघते आणि माहितीपट संपतो. पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं वर सरकत गेली. छगनभाऊंनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला.

"मी बी असाच बठेल व्हतू," ते म्हणाले.

नूतनला समजेना. "कुठे, आप्पा?"

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सांगणं इतकं अडखळत होतं की ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही हे उघड दिसत होतं. गावाहून ते आले तेव्हा वीस वर्षांचे होते. उधन्याच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन विटांवर एक फळी टाकलेली होती. नवीन आलेल्यांनी त्या फळीवर बसायचं. आत कुणी कारीगर आला नाही तर कारखान्याचा मास्तर बाहेर येऊन एकाला बोट दाखवायचा, त्या दिवशी त्याला बदली काम. फळीवर आठ जण असायचे. दार वाजलं की आठही जण उठून उभे राहायचे, एक आत जायचा, सात बसायचे. छगनभाऊ तेवीस दिवस बसले. रोज सकाळी सदऱ्याच्या बाह्या दुमडून जायचे आणि संध्याकाळी त्या उलगडून परत यायचे. गावी चिठ्ठीत लिहायचे, काम उत्तम चाललं आहे.

"बाह्या दुमडायचो नि सोडायचो," ते म्हणाले. "तो चेन करतो ना, तसंच."

सुभद्राबाईंच्या संसाराला बत्तीस वर्षं झाली होती. त्यांनाही फळी ठाऊक नव्हती. त्या उठल्या आणि कालची रसाची वाटी, नवीन भरून, नवऱ्याच्या हातात आणून दिली.

नूतन हळू आवाजात म्हणाली, "चार तासांचं शूटिंग होतं बाकावरचं. सगळे म्हणाले, एक मिनिट ठेव, लोकांना समजतं. मला वाटलं, समजेल, पण बसावं लागणार नाही. म्हणून ठेवलं."

"बराबर ठेवलं. ती खोट नाही, ती वीण आहे," छगनभाऊ म्हणाले. लेकीचा चेहरा उजळतोय तोवर त्यांनी खाली वाकून वही उचलली. "आता खोट. दोन जागी आहे."

नूतनला हसावं की रडावं कळेना.

"मागे ने. पहिल्या थंडीतला सामना. थांब. हा पिवळ्या टोपीचा म्हातारा बघ. लाह्यांचा डबा सांडतो. बघितलास? आता पुढे ने. शेवटी शेवटी जिंकतात तो सामना. थांब. कोण आहे?"

पडद्यावर तोच पिवळ्या टोपीचा म्हातारा तोच डबा त्याच हाताने सांडत होता.

"तीन महिन्यांनी, दुसऱ्या गावात," छगनभाऊ म्हणाले. "ठेव बोट."

नूतनचा चेहरा पडला. एका रात्रीत जोडायचं होतं, गर्दीचं दृश्य कमी पडलं म्हणून तिने जुनंच पुन्हा वापरलं होतं. दिग्दर्शिकेला कळलं नव्हतं, निर्मात्याला कळलं नव्हतं, पाच समीक्षकांपैकी एकालाही नाही. तिने पडद्यावरच्या पिवळ्या टोपीवर मुकाट बोट ठेवलं.

"आणि दुसरी?"

"बाकावरच. पण लांबीत नाही. शेवटी तू वाजवायला का घेतलंस?"

नूतनने प्रसंग त्या जागी नेला. नवव्या मिनिटाच्या अखेरीस, तादू तिसऱ्यांदा नाड्या बांधतो तिथे, तिने व्हायोलिनचे सूर हळूच आत सोडले होते. जेमतेम अर्धं मिनिट.

"तोवर तू मला फळीवर बसवलं होतंस," छगनभाऊ म्हणाले. "वाजायला लागलं नि मी उठलो. मला कळलं की आता कुणीतरी सांगतंय, रड म्हणून. आमच्या फळीवर बेटा काही वाजत नव्हतं."

"मला भीती वाटली, आप्पा," नूतन म्हणाली. "एवढा वेळ लोक बसतील की नाही म्हणून. शेवटच्या आठवड्यात घातलं मी ते."

"तीच भीती त्या पॅरिसच्या बाईला लागली. तिला खोट दिसली, कुठून आली ते सापडलं नाही. चांगली चेकर आहे ती. लंडनवाल्याचं म्हणशील तर त्याने पहिले दहा मीटर बघितले. आपला काशिनाथ आहे तो."

तिने ह्या वेळी न सांगता बोट ठेवलं, व्हायोलिन सुरू होतं त्या जागी. मग तिने कधी नव्हे ते विचारलं, "मग आप्पा, पास का?"

"दुरुस्त केल्याबिगर नंबर घालत नसतात," छगनभाऊ म्हणाले आणि रस प्यायला लागले. सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. पण लेकीने त्या दुपारी चार पोळ्या खाल्ल्या, त्यांनी मोजल्या.

सोमवारी नूतनने लिस्बनला कळवलं की नऊ मिनिटं राहतील, वाजतं ते जाईल, पिवळी टोपीही जाईल. टोपीचं ऐकून दिग्दर्शिकेने विचारलं की हे पकडलं कुणी. नूतनने लिहिलं, आमच्याकडे एक जुना चेकर आहे. निर्माता चार दिवस फुरंगटून बसला, मग नऊ मिनिटांना हो म्हणाला, पण पुढच्या माहितीपटाबद्दल बोलायचं त्याने बंद केलं. नूतन मुंबईला गेली ती ही टांगती तलवार घेऊनच. छगनभाऊ रोज फोनवर एकच विचारायचे, "काढलं का ते वाजायचं?"

श्रावणात, कानबाईच्या उत्सवाच्या आदल्या आठवड्यात, माहितीपट घरोघरी पोचला. परीक्षणं पुन्हा आली, पंधरा-वीस. सगळीच गोड नव्हती. कुणी म्हणालं संथ आहे, कुणी म्हणालं खेळ कमी आहे. लंडनवाला काही बोलला नाही. पण पॅरिसच्या बाईने पुन्हा लिहिलं. तिने लिहिलं होतं, 'महोत्सवात मला जिथे खटकलं होतं तो प्रसंग मी मुद्दाम पुन्हा पाहिला. लांबी तेवढीच आहे. कुणीतरी त्यातली एक लहानशी भीती काढून टाकली आहे. ह्या वेळी मी जागची हलले नाही.' नूतनने ते फोनवर वाचून दाखवलं. छगनभाऊंनी दुसऱ्या दिवशी चेकिंग खात्यात ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, लहानशी भीती ह्या शब्दांवर थांबून, जणू काही बाई त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसते.

सोसायटीच्या पोरांनी शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये पडदा बांधला. कानबाईचा नवा रंगवलेला चौरंग एका बाजूला वाळत होता आणि दुसऱ्या बाजूला सतरंज्यांवर शंभरेक माणसं बसली होती. कारीगर, चेकर, त्यांच्या बायका. छगनभाऊ इस्त्रीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत. नूतनला सुट्टी मिळाली नव्हती, ती मुंबईहून फोनवर होती. सुभद्राबाईंनी फोन पडद्याकडे तोंड करून मांडीवर धरला होता, म्हणजे पोरीला लोकांचे चेहरे न दिसता तिचाच माहितीपट दिसत होता, पण त्यांना कुणी सांगायला गेलं नाही.

तादू बाकावर बसला तेव्हा मागे जरा चुळबुळ झाली. मग थांबली. चेन खाली, चेन वर. पाचव्या मिनिटाला लहान मुलंही गप्प झाली. तिसऱ्यांदा तो नाड्या बांधायला वाकला आणि काही वाजलं नाही. बुटाची नाडी ओढल्याचा आवाज तेवढा हॉलभर आला. मागे काशिनाथ कुणाला तरी हळूच म्हणाले, "आपण बी बठेल व्हतूत ना रे, फाटकपाशी." त्या हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी आपापली फळी घरात कधी सांगितली नव्हती. छगनभाऊंनी मागे वळून ते चेहरे बघितले. हे माझ्या पोरीने विणलं, ते स्वतःशी म्हणाले, अंगोल्याच्या सुतातून.

शेवटी आई विमानातून उतरली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि नावं सुरू झाली. 'नूतन छगन बोरसे' आलं तेव्हा टाळ्यांनी छताचे पत्रे वाजले. लोक उठायला लागले, कुणी दिवा लावला. छगनभाऊ बसूनच होते, कारण ताका शेवटच्या टोकापर्यंत बघायचा असतो. नावं संपली, आभार संपले, कंपन्यांच्या खुणा संपल्या. आणि सगळ्यात खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खडूने घातल्यासारखा एक आकडा आला. १७.

काशिनाथ उभे होते ते मटकन खाली बसले. "छगनभाऊ," ते म्हणाले, "हाऊ ते तुमना नंबर शे."

चेकिंग खात्यातली सगळी माणसं पडद्याकडे बघत राहिली. तो आकडा त्या क्षणी किती देशांत, किती घरांत उमटत होता कोण जाणे, आणि त्याचा अर्थ जगात फक्त ह्या सतरंज्यांवर बसलेल्यांना ठाऊक होता. छगनभाऊंनी बायकोच्या मांडीवरून फोन घेतला.

"दुरुस्तीनंतर मी बघितलं कुठं होतं?" ते म्हणाले. "न तपासता नंबर घातलास माझा?"

"घातला," पलीकडून नूतन म्हणाली. "आता खोट निघाली तर तुम्हालाच विचारतील, आप्पा. लंडनहूनसुद्धा."

छगनभाऊंनी पडद्याकडे बघितलं. आकडा अजून तिथेच होता.

"इचारू दे," सतरंजीवर हात थोपटत ते म्हणाले. "मी आठेच बठेल शे."